बालवाहिनी आणि घरातली मराठी



ज्या गुरुजींच्या स्मृतिप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या वर्गात बसण्याचे भाग्य मला लाभले आहे. शनिवारचा शेवटचा तास गोष्टीचा असे. गुरुजी पिशवीतून 'चांदोबा'चा अंक काढीत, चष्मा पुसून वाचायला लागत आणि गोष्ट ऐन रंगात आली की अंक मिटून विचारीत, "आता पुढे काय झाले असेल, सांगा बरे." आम्ही प्रत्येक जण आपापली गोष्ट पुढे नेत असू. कुणाचा राजा जिंके, कुणाचा मरे. मग गुरुजी उरलेला भाग वाचीत. अंकातल्या शेवटापेक्षा आमच्या वर्गमित्राचा शेवट सरस वाटला, असेही क्वचित घडे.

आजच्या विषयाला मी या तासापासून आरंभ करतो, याचे कारण पुढे स्पष्ट होईल. विषय आहे मुलांसाठी निघणाऱ्या दूरचित्रवाणी वाहिन्या आणि त्यांतली मराठी.

२७ एप्रिल २०२१ रोजी आपल्या या हैदराबादेतून, रामोजी समूहाकडून, 'ईटीव्ही बाल भारत' ही बालवाहिनी सुरू झाली. ती एकाच वेळी अकरा भारतीय भाषा आणि इंग्रजी अशा बारा भाषांत निघाली, आणि त्या अकरांत मराठी होती. 'अभिमन्यू'सारखे महाभारतातले नाव घेतलेली मालिका तीत होती. साहसकथा होत्या, विनोद होता. महामारीची दुसरी लाट त्या वेळी भरात होती. शाळा बंद होत्या, अंगणे ओस पडली होती. तेलुगू भूमीतल्या एका संस्थेने मराठी मुलांसाठी वेगळी वाहिनी काढावी, ही घटना मला एक मराठीचा अध्यापक म्हणून महत्त्वाची वाटली, आणि इथला रहिवासी म्हणून तिचा अभिमानही वाटला.

या घटनेची पूर्वपीठिका थोडक्यात पाहू. आपल्या देशात खेड्यापाड्यांतल्या मुलांपर्यंत दूरचित्रवाणी प्रथम मोठ्या प्रमाणावर पोहोचली ती शाळेच्या रूपाने. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या एका वर्षात, अमेरिकेकडून वापरासाठी मिळालेल्या उपग्रहाच्या साह्याने, सहा राज्यांतल्या सुमारे २४०० खेड्यांत कार्यक्रम दाखवले गेले. त्या सहांत तेव्हाचे आंध्र प्रदेश आणि कर्नाटक ही दोन्ही राज्ये होती. सकाळचे कार्यक्रम प्राथमिक शाळांतल्या मुलांसाठी असत, आणि ते हिंदी, तेलुगू, कन्नड व ओडिया या भाषांतून असत. मराठी त्यांत नव्हती. १९७२ साली सुरू झालेल्या मुंबई दूरदर्शनवर 'किलबिल' हा मुलांचा मराठी कार्यक्रम होता. परंतु १९७७ साली हैदराबादला दूरदर्शन केंद्र आले तरी मुंबईचे चित्र इथे दिसत नसे. आपल्या मुलांच्या कानी 'किलबिल' पडली नाही.

१९९५ साली 'कार्टून नेटवर्क' भारतात आले आणि मुलांसाठी अख्खा दिवस चालणारी वाहिनी घराघरांत शिरली. आधी इंग्रजीतून, काही वर्षांनी हिंदीतूनही. पुढे सन समूहाने तमिळमध्ये २००७ साली 'चुट्टी', तेलुगूमध्ये २००९ साली 'खुशी', त्याच वर्षी कन्नडमध्ये 'चिंटू' आणि २०११ साली मल्याळममध्ये 'कोच्चू' अशा बालवाहिन्या काढल्या. दाक्षिणात्य भाषांनी आपापली व्यवस्था लावली होती. आपली मुले मात्र प्रामुख्याने हिंदीच्या छायेत वाढत होती.

ही छाया किती दाट असते, याचे उदाहरण शेजारच्या बांगलादेशाचे आहे. ज्या देशाने भाषेसाठी १९५२ साली रक्त सांडले, त्या देशातली लहान मुले 'डोरेमॉन' ही मूळची जपानी मालिका हिंदी आवाजात पाहून घरी हिंदी बोलू लागली. अखेर २०१३ साली तेथील सरकारने हिंदीतल्या 'डोरेमॉन'चे प्रक्षेपण थांबवले. बंदीचा मार्ग योग्य होता की नाही, हा वेगळा प्रश्न आहे. परंतु एक निळे मांजर एका राष्ट्राच्या भाषेला चिंतेत टाकू शकते, हे आपण लक्षात ठेवावे.

तेव्हा मराठी वाहिनी निघाली, आता प्रश्न सुटला, असे म्हणावे का?

येथे एक आक्षेप नेहमी घेतला जातो, आणि तो मला मान्य नाही. चित्र एकच आणि आवाज बारा. म्हणजे हे सारे उसने, यात मराठी ती काय, असे पुष्कळ जण म्हणतात. मित्रहो, गुरुजींच्या हातातला 'चांदोबा' तरी काय होता? १९४७ साली मद्रासमध्ये तेलुगू आणि तमिळ या भाषांत निघालेल्या 'चंदामामा'चे ते मराठी रूप, १९५२ साली सुरू झालेले. चित्रे तीच, विक्रम तोच, त्याच्या खांद्यावरचा वेताळही तोच. अक्षरे तेवढी आपली. तेलुगू घरातून निघालेला तो चांदोबा मराठी मुलांच्या दोन-तीन पिढ्यांना आपला मामा वाटला. वेताळाला तर अनुवादाची सवयच आहे. संस्कृतातून तो देशभाषांत कितीदा उतरला असेल! उसनेपणा हा दोष नव्हे. उसने घेतलेले आपण कोणत्या भांड्यात ओतून घेतो, हा खरा प्रश्न आहे.

छापील गोष्टीचा अनुवादक मोकळा असतो. वाक्य दोन शब्दांनी वाढले तर वाढले. चित्रपटाच्या आवाजाचे तसे नसते. पडद्यावरचे तोंड जेवढा वेळ उघडे, तेवढ्यातच वाक्य संपवावे लागते. त्यात मजकूर हिंदीवरून घाईने उतरवलेला असला, की मराठी शब्दांच्या आत हिंदी सांगाडा राहून जातो. 'मला मदत कर' याचे 'माझी मदत कर' होते. भीती 'वाटत' नाही, 'लागते'. कुणी कुणाला काही 'सांगत' नाही की 'म्हणत' नाही, सगळे नुसते 'बोलतात'. कोणा एका वाहिनीकडे बोट दाखवून मी हे म्हणत नाही. घाईच्या अनुवादाचा हा सार्वत्रिक रोग आहे, आणि वर्तमानपत्रेही त्यातून सुटलेली नाहीत. चित्र नव्याने निर्माण करणे महाग आणि आवाज बदलणे स्वस्त, या हिशेबातून तो उद्भवतो. या हिशेबात सर्वांत कमी मोल असते ते संवाद लिहिणाऱ्याच्या वेळाला.

तरीही माझी मुख्य चिंता ही नाही. अशुद्ध वाक्य दुरुस्त करता येते. माझी चिंता मी घरातल्या एका प्रसंगाने सांगतो.

२०२१ साली माझा सहा वर्षांचा नातू काही महिने आमच्याकडे होता. त्याचे आईवडील बेंगळुरूला नोकरी करतात. त्याला मराठी कळे, पण उत्तर तो हिंदीत किंवा इंग्रजीत देई. मराठी बालवाहिनी आमच्या घरी लागू लागली आणि महिन्याभरात तो मराठी बोलू लागला. माझ्या पत्नीला कोण आनंद झाला! जिन्याखाली कुत्रीने पिल्ले घातली होती. तो आधी 'तो पिल्लू' म्हणे, कारण हिंदीला नपुंसकलिंग नाही; पुढे 'ते पिल्लू' म्हणू लागला. हे मी मुद्दाम नमूद करतो. वाहिनीने त्याला काहीच दिले नाही, असे म्हणणे कृतघ्नपणाचे ठरेल.

दसऱ्यानंतर त्याचे आईवडील त्याला न्यायला आले. तो धावत स्वयंपाकघरात गेला आणि म्हणाला, "आजी, आपण उद्या बेंगळुरूला जाणार!" ती पोळ्या लाटत होती. हात थांबवून तिने विचारले, "मीसुद्धा?" तो गोंधळला. म्हणाला, "नाही. आपण म्हणजे मी, आई आणि बाबा." ती म्हणाली, "मग 'आम्ही' म्हणावं, राजा." आणि पुन्हा पोळी लाटू लागली. तिचा चेहरा मला दिसत नव्हता, आणि पाहण्याचा धीरही झाला नाही.

'आपण' आणि 'आम्ही' हा भेद हिंदीच्या 'हम'मध्ये नाही, इंग्रजीतही नाही. तेलुगूत तो आहे. 'मनम्' म्हणजे ऐकणाऱ्यासह आपण, आणि 'मेमु' म्हणजे ऐकणाऱ्याला वगळून आम्ही. मराठी आणि तेलुगू ही दोन्ही घरे या बाबतीत एका अंगणातली आहेत. नातवाने 'आपण' आणि 'आम्ही' हे दोन्ही शब्द वाहिनीवर शेकडो वेळा, आणि बहुधा अचूक, ऐकले असतील. मग तो चुकला का? कारण पडद्यावरच्या कुणीही त्या 'आपण'मध्ये त्याला कधी धरले नव्हते, की 'आम्ही' म्हणून कधी वगळले नव्हते. या सर्वनामांचा अर्थ डोळ्यांनी पाहून कळत नाही. तो कुणीतरी आपल्याला सामावून घ्यावे लागते, किंवा बाहेर ठेवावे लागते, तेव्हा कळतो. त्या संध्याकाळी 'मीसुद्धा?' या एका प्रश्नाने जे शिकवले, ते कोणत्याही वाहिनीला शिकवता आले नसते. तिला प्रश्न विचारता येतो, पण उत्तरासाठी थांबता येत नाही.

आपल्या शहराच्या भाषेकडे पाहा. दखनीतला 'नक्को' हा आपल्या 'नको'चाच भाऊ. हा शब्द दखनीत कोणत्या पाठ्यपुस्तकाने नेला नाही, कोणत्या आकाशवाणीने नाही. बाजारात, पाणवठ्यावर, लष्कराच्या छावणीत माणूस माणसाशी बोलला, एकाने देऊ केले, दुसऱ्याने नाकारले, आणि शब्द उंबरा ओलांडून गेला. भाषा देवघेवीत जगते. नुसते ऐकून ती कानात साठते, पण तोंडात येत नाही.

म्हणून माझे सांगणे तीन गोष्टींपुरते आहे. पालकांना आणि आजीआजोबांना मी म्हणेन: मुलाला मराठी वाहिनी अवश्य लावून द्या, पण त्याच्या शेजारी बसा. कार्यक्रम संपला की दहा मिनिटे पडदा बंद ठेवून विचारा, 'तू असतास तर काय केले असतेस?' शाळेला माझी नम्र सूचना आहे की, शनिवारचा गोष्टीचा तास पुन्हा सुरू करावा. मुलांनी वाहिनीवर पाहिलेली गोष्टच तिथे मराठीतून सांगावी, आणि शिक्षकांनी ती अर्ध्यावर थांबवावी. माजी विद्यार्थ्यांना सांगणे वेगळे आहे. बालचित्रनिर्मितीत हैदराबादचे स्थान मोठे आहे. २००८ पासून देशभर गाजलेला 'छोटा भीम' याच शहरातल्या 'ग्रीन गोल्ड' या संस्थेचा. तुमच्यापैकी ज्यांची मराठी आणि तेलुगू दोन्ही पक्की आहेत, त्यांनी संवादलेखनाचे काम हलके मानू नये. तेलुगूवरून सरळ मराठीत आणले, तर 'मनम्'चे 'आपण' आपोआप जाग्यावर बसते. मध्ये हिंदीचा मुक्काम घडला की ते हरवते. या कामाला दोन्ही घरे माहीत असलेली माणसे हवीत, आणि अशी माणसे या शाळेने घडवली आहेत.

या शाळेच्या वर्गांत घरी मराठी बोलणारी मुले आज किती, हे आपण सारे जाणता; ती संख्या मोजून मी आपल्याला खिन्न करू इच्छित नाही. नातू आता मोठा झाला आहे. दर रविवारी फोन करतो. गेल्या उन्हाळ्यात तो आजीला म्हणाला, "आम्ही येतोय. मग आपण सगळे आंबे खाऊ." एका दमात दोन्ही सर्वनामे, आणि दोन्ही जागच्या जागी. पत्नीने फोन ठेवला आणि ते वाक्य मला दोनदा ऐकवले.

गुरुजी असते तर त्यांनी इथेच अंक मिटला असता आणि आपल्याकडे पाहून विचारले असते, पुढे काय होईल? उत्तर आपण द्यायचे आहे. आपण, आम्ही नव्हे.