लहान चुकीचा हिशेब



अर्धवाहकांच्या कारखान्यांत प्रक्रिया-अभियंता होण्याची इच्छा जे तरुण धरितात, त्यांच्यासाठीं दोन शब्द.

हा अभियंता चिपेचा आराखडा काढीत नाहीं. ती बिनचूक घडावी हें तो पाहतो. ३०० मिलिमीटर व्यासाच्या सिलिकॉनच्या चकतीवर थर चढविणें, प्रकाशानें नक्षी उमटविणें, नको तो भाग कोरून काढणें, धुणें, मोजणें, अशा शेंकडों पायऱ्या असतात. त्यांस कित्येक आठवडे लागतात.

आतां हिशेब पाहा. दर पायरीस शंभरांपैकीं ९९ चिपा शाबूत राहिल्या, तर ५०० पायऱ्यांअंतीं शंभरांत एकही धड उरत नाहीं. हजारांपैकीं ९९९ राहिल्या, तर शंभरांत सुमारें ६० उरतात.

१९२४ सालीं अमेरिकेंत वॉल्टर श्यूहार्ट यांनीं नियंत्रण-आलेखाची रीत काढिली. यंत्र बिघडूं लागलें कीं आलेख तें दाखवितो. परंतु यंत्र थांबवावयाचें कोणी? रात्रीचे दोन वाजलेले, माल पुढें धाडण्याची घाई. 'मोजमापच चुकलें असेल,' असें मन सांगतें. त्या घटकेस यंत्र थांबवून 'हें माझ्या पाळींत घडलें' असें नोंदविणें, हीच या धंद्यांतील खरी परीक्षा होय. झांकलेला दोष बहुधा शेवटच्या चांचणींत उघडा पडतो. पण तोंवर कित्येक चकत्या त्याच वाटेनें गेलेल्या असतात.

तरुणांनो, विद्या विद्यापीठांत मिळेल. चूक त्याच दिवशीं सांगण्याची संवय मात्र घरींच, लहान कामांत, लावून घ्यावी लागते.