स्वप्न ऐकावे, अर्थ लादू नये
(वर्धापनदिनी झालेले भाषण)



आपल्याकडे स्वप्नाच्या दोनच वाटा ठरलेल्या. एक तर ते हसण्यावारी न्यायचे, नाही तर शकुन-अपशकुन पाहायचा. दात पडल्याचे स्वप्न पडले, की घरात कुणाला काय होणार या धास्तीने कित्येकींना दोन दोन दिवस घास गोड लागत नाही. आज मला तिसरी वाट सांगायची आहे: चौघींनी एकत्र बसून एकीच्या स्वप्नाचा विचार करण्याची.

स्वप्नाला मान देणे आपल्याला नवे नाही. चरकसंहितेत स्वप्नांचे सात प्रकार आहेत. त्यांपैकी पाहिलेले, ऐकलेले, अनुभवलेले, इच्छिलेले व कल्पिलेले ही पाच निष्फळ म्हटली आहेत. म्हणजे त्यांवरून भविष्य पाहू नये. तुकाराम महाराजांना गुरूपदेश स्वप्नात झाला, आणि संत बहिणाबाईंना तुकोबांचा अनुग्रहही स्वप्नातच. पतीचा कडवा विरोध सोसून त्यांनी तो जपला व आपल्या अभंगांत सांगून ठेवला.

सामुदायिक स्वप्नविचाराची आजची रीत अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञ माँटेग्यू उलमन (१९१६–२००८) यांनी घालून दिली. १९६२ साली त्यांनी ब्रुकलिनच्या मायमोनिडिस रुग्णालयात स्वप्नांची प्रयोगशाळा काढली. पुढे त्यांना वाटले, की हे ज्ञान डॉक्टरांपुरते कशाला? म्हणून त्यांनी सामान्य माणसांचे लहान लहान गट शिकवले; स्वीडनमध्ये ही रीत चांगली रुजली. कॅलिफोर्नियात जेरेमी टेलर (१९४३–२०१८) या धर्मोपदेशकांनीही असेच काम आयुष्यभर केले.

रीत सोपी आहे. एकीने स्वप्न सांगायचे. मग तिने गप्प बसून ऐकायचे आणि बाकीच्यांनी ते स्वप्न आपलेच मानून बोलायचे. समजा, पती निवर्तलेल्या एका भगिनीने सांगितले: "स्वयंपाकघराला कुलूप आहे, किल्ली माझ्याच कमरेला आहे, पण हात पुढे होत नाही." दुसरी म्हणेल, "हे माझे स्वप्न असते, तर मला लेक सासरी गेल्यावरचे रिकामे घर आठवले असते." तिसरी म्हणेल, "माझे असते, तर एक दिवस चुलीपासून सुटल्याचा आनंदच झाला असता!" यांतले मनाला भिडेल ते तिने घ्यावे, उरलेले सोडून द्यावे. "तुमच्या स्वप्नाचा अर्थ असा" हे वाक्य तेथे वर्ज्य. स्वप्न जिचे, शेवटचा शब्द तिचा. नको वाटले तर तिने मध्येच थांबावे.

भगिनींनो, घरात आपण सर्वांचे ऐकतो. आपले ऐकायला कुणाला सवड असते? उपदेश न करता, कीव न करता कुणी ऐकले, की मनावरचे ओझे हलके होते. आणि दुसरीचे दुःख क्षणभर आपले मानणे ही भजनाइतकीच मोठी उपासना आहे, असे मला वाटते.

मात्र हा औषधोपचार नव्हे. भयाण स्वप्नांनी रोज झोप मोडत असेल किंवा जीव नकोसा वाटत असेल, तर डॉक्टरांकडेच गेले पाहिजे, आणि आपल्यापैकी कुणीतरी सोबत गेले पाहिजे.

माझी सूचना एवढीच: महिन्यातून एकदा, भजनानंतर तासभर, सहा-सातजणींनी बसून पाहावे. सांगण्याची सक्ती कुणालाच नको. एक नियम मात्र कडक हवा. तेथे ऐकलेले उंबऱ्याबाहेर जाता कामा नये. नळावर नाही, जिन्यात नाही, घरच्या माणसांपाशीसुद्धा नाही. हा विश्वास एकदा तुटला, तर ती भगिनी पुन्हा तोंड उघडणार नाही. तो पाळता येईल असे वाटणाऱ्यांनीच नाव द्यावे.