चित्रांतून दिसणारी मासेमारी

कॉड हा मासा आपल्या किनाऱ्यावर मिळत नाही. तरी त्याच्या यकृताचे तेल लहानपणी नाक दाबून प्यायलेले पुष्कळजण आपल्यात असतील. हा मासा उत्तर अटलांटिक महासागरातल्या थंड पाण्याचा. त्याची आणि त्याला पकडणाऱ्या माणसांची जी जुनी चित्रे आहेत, त्यांच्याविषयी आज चार शब्द सांगायचे आहेत.

पूर्वी माशांची चित्रे पुष्कळदा ऐकीव माहितीवर काढली जात. १५५८ साली गेस्नर या स्विस पंडिताने जलचरांवर मोठा ग्रंथ छापला. त्यात खऱ्या माशांच्या शेजारी बिशपासारखा दिसणारा मासाही आहे! गेस्नर मोठा विद्वान. पण राहणार झुरिकचा, समुद्रापासून दूर. कोणी सांगितले, कोणी चित्र पाठवले, ते ग्रंथात आले.

आता तीन शतके पुढे या. अमेरिकेत १८७१ साली सरकारने मत्स्य आयोग नेमला. त्या आयोगाच्या वतीने जॉर्ज ब्राऊन गुड यांनी देशातल्या मासेमारीची पाहणी करून १८८४ ते १८८७ या काळात एक प्रचंड ग्रंथमाला प्रसिद्ध केली. तिच्यातली मासेमारीची पुष्कळ चित्रे हेन्री एलियट आणि कॅप्टन कॉलिन्स या दोघांच्या नावावर आहेत. एलियट चित्रकार, कॉलिन्स स्वतः दर्यावर्दी मच्छीमार. एकाला रेघ ठाऊक, दुसऱ्याला दोर. म्हणून त्या चित्रांत गाठ मारलेली असली तर ती खरोखरच बसेल अशी आहे.

या चित्रांत काय दिसते? दोन डोलकाठ्यांचे गलबत. त्याच्या फळीवर सपाट बुडाच्या लहान होड्या एकीत एक बसवलेल्या, आपण पेले रचून ठेवतो तशा. मासेमारीच्या जागी पोचले की होड्या पाण्यात सोडायच्या. होडीत बहुधा दोन माणसे आणि शेकडो गळ लावलेली लांब दोरी. धुके आले म्हणजे गलबत दिसेनासे होई, आणि होडीतली माणसे कधी परत येत, कधी येत नसत. गलबतेही बुडत. ग्लॉस्टर या एका बंदराने १८७९ या एकाच वर्षात २९ गलबते आणि २४९ माणसे गमावली. ती गलबते वेगासाठी उथळ बांधलेली असत आणि वादळात कलंडत. कॉलिन्स यांनी हे वारंवार मांडले, आणि १८८६ साली त्यांच्या विचाराप्रमाणे अधिक खोल बुडाचे 'ग्रॅम्पस' हे गलबत आयोगासाठी बांधले गेले.

याच काळात, १८८३ साली, लंडनच्या मत्स्यप्रदर्शनात हक्सले हा थोर शास्त्रज्ञ म्हणाला की, कॉडसारखी मोठी सागरी मासेमारी बहुधा कधी आटणार नाही. आज आपल्याला हसू येते. पण थांबा. त्याने एक अट घातली होती: आजच्या पद्धतीने मासेमारी चालली तर! ती 'आजची पद्धत' म्हणजे काय, हे आपल्याला ही चित्रे दाखवतात. एक होडी, दोन माणसे, हाताने ओढायची दोरी.

पुढे पद्धत बदलली. यंत्राची मोठी जहाजे आली. माशांचे जाळे ओढायचे, चिरायचे आणि गोठवायचे काम समुद्रातच होऊ लागले. १९६८ साली न्यूफाउंडलंडजवळच्या उत्तरेकडील कॉडची पकड सुमारे ८ लाख टनांवर गेली. २ जुलै १९९२ रोजी कॅनडा सरकारला तिथली ही मासेमारी बंद करावी लागली आणि सुमारे ३० हजार माणसांचा रोजगार गेला. ती बंदी उठली २०२४ साली, आणि त्या वर्षी परवानगी मिळाली ती अवघ्या १८ हजार टनांची. मासा तोच, समुद्र तोच. चित्रातला माणसाचा हात तेवढा बदलला होता.

आपल्याकडेही फ्रान्सिस डे यांनी १८७५ ते १८७८ या काळात हिंदुस्थानातल्या माशांवर सचित्र ग्रंथ काढला. मासे कसे ओळखावेत, ते त्यात सापडते. पण डोल कशी लावतात, रापण किती माणसे ओढतात, बोंबील दोऱ्यांवर कसे वाळत घालतात, हे आपल्या वडीलधाऱ्यांच्या हातांत आहे. सुताची जाळी जाऊन नायलॉनची आली. त्या जुन्या जाळ्याची वीण सांगणारी म्हातारी माणसे किती दिवस पुरणार?

किनाऱ्यावरच्या शिक्षकबंधुभगिनींना म्हणून एक विनंती. मुलांना एखाद्या जुन्या कोळीआजोबांकडे न्या. जाळ्याचे, होडीचे, माशाचे चित्र काढायला सांगा. चित्र सुबक नसले तरी चालेल; पण खाली नाव, माप, महिना आणि गाव लिहिलेले असू द्या. मग चित्र आजोबांना दाखवा. ते म्हणाले, "पोरा, ही दोरी इथे नाय, तिथे," तर खोडरबर घ्या आणि दोरी तिथे काढा. डोंगराकडच्या शाळांनी नांगराचे, मोटेचे असेच करावे. शंभर वर्षांनी कोणी विचारील, तुमच्या काळी किती होते आणि तुम्ही ते कसे घेत होता? त्याला उत्तर द्यायला वहीचे ते पान उपयोगी पडेल.