दोघांचा रिंग रोड

आइसलंडला वळसा घालणारा महामार्ग क्रमांक १ रिंग रोड म्हणून ओळखला जातो. त्याची लांबी सुमारे १,३०० किलोमीटर. दक्षिणेतील स्केइदारा नदीवरचा पूल १९७४ मध्ये खुला झाला आणि हा फेरा पूर्ण झाला. १९९६ मध्ये वात्नायोकुल या अवाढव्य हिमस्तराखाली ज्वालामुखी जागा झाला. वितळलेल्या बर्फाच्या लोंढ्याने पुलाचे नुकसान केले. त्याचे पिळवटलेले लोखंडी गर्डर आजही रस्त्याकडेला पाहायला मिळतात, आणि तिथे थांबायलाच हवे.

पाठीवर सॅक आणि भाड्याची गाडी घेऊन निघालेल्या दोन मित्रांना हा मार्ग सोयीचा पडतो. गाडीभाडे आणि इंधन निम्मे निम्मे होते. एकाने गाडी चालवावी, दुसऱ्याने हवामान आणि नकाशा पाहावा. वाहतूक उजव्या बाजूने चालते. डांबरी रस्त्यावर ताशी ९० किलोमीटरची मर्यादा आहे. एकेरी पुलांवर आधी पोहोचलेल्या गाडीला वाट द्यायची असते. वाऱ्याचा जोर इतका, की हलक्या हाताने उघडलेले दार हिसडा बसून बिजागरीपासून वाकते. म्हणून दार दोन्ही हातांनी धरावे.

रस्ता सोडून गाडी नेणे कायद्याने गुन्हा आहे. तिथल्या शेवाळावर चाकांचे चरे उमटले, तर ते भरून यायला कित्येक दशके लागतात. गाडीतला मुक्कामही अधिकृत तळावरच करावा. आइसलंड शेंगेन क्षेत्रात असल्याने भारतीयांना शेंगेन व्हिसा लागतो. वाहन परवान्यासोबत आंतरराष्ट्रीय परवानाही दोघांनी जवळ ठेवावा.