परदेशी निघण्याआधीची दोन वर्षं



परदेशी शिकायला जाणं ही एके काळी पेपरात फोटो छापून येण्याजोगी गोष्ट होती. आता आमच्या सोलापुरातसुद्धा ‘परदेशी शिक्षण मार्गदर्शन केंद्र’ अशा पाट्या दिसतात. पाटीवर विमान, विमानाखाली हसणारी मुलं आणि तळाला मोबाइल नंबर.

मी साधा बी. ए. झालेला माणूस. परदेश पाहिलेला नाही. पण कविता लिहितो त्या अर्थी अर्जही चांगले लिहीत असणार, असा आमच्या मोहल्ल्याचा समज आहे. त्यामुळे रेशनकार्डापासून पासपोर्टापर्यंतचे कागद माझ्यापुढे येतात. या कागदांनी मला एक गोष्ट शिकवली. ज्या घरात पैसा बेताचा आणि ओळखीपाळखी नाहीत, त्या घराचं भांडवल म्हणजे वेळ. दोन वर्षं आधी सुरुवात केली तर बरीचशी वाट पायी चालता येते. ऐन वेळी निघालं की पावलापावलाला भाडं मोजावं लागतं.

ही गोष्ट आपल्याला नवी नाही. आनंदीबाई जोशी १८८३ साली कलकत्त्याहून बोटीत बसल्या, तेव्हा त्यांच्यामागे काही वर्षांचा पत्रव्यवहार होता. गोपाळरावांचं पत्र अमेरिकेतल्या एका मिशनरी मासिकात छापून आलं, ते न्यू जर्सीतल्या कार्पेंटरबाईंनी वाचलं आणि पत्रांची ये-जा सुरू झाली. सातासमुद्रापलीकडे उतरायला एक घर तयार झालं, ते या पत्रांमुळे. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले. पुढे लंडनला नाव घातलं, पण शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ साली अभ्यास अर्धा टाकून परतावं लागलं. परतताना त्यांनी पुन्हा येण्यासाठी विद्यापीठाकडून चार वर्षांची मुदत मागून घेतली होती. मुंबईत सिडनहॅम महाविद्यालयात शिकवून पैसे साठवले, शाहू महाराजांची आणि एका मित्राची मदत घेतली आणि १९२० साली ते परत लंडनला गेले. १९२३ साली डी. एस्सी. झाले. मधली तीन वर्षं वाया गेली असं कोण म्हणेल? ती तयारीच होती.

आता आजचं सांगतो. आमच्या गल्लीत यंत्रमागावर काम करणारे एक गृहस्थ आहेत. त्यांची मुलगी इचलकरंजीला वस्त्रोद्योग अभियांत्रिकी शिकली. शेवटच्या वर्षाला असताना ती माझ्याकडे आली. म्हणाली, “चाचा, मला जर्मनीला जायचंय.” मी विचारलं, “जर्मनीच का?” तिचं उत्तर तयार होतं. आखेन आणि ड्रेस्डेन इथल्या तंत्रविद्यापीठांत कापडाच्या यंत्रांवर संशोधन करणाऱ्या मोठ्या संस्था आहेत. शिवाय तिकडच्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणीची फी नाही. सत्रागणिक थोडं शुल्क तेवढं भरावं लागतं. अपवाद आहेत. बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्य २०१७ पासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून सत्राला १,५०० युरो घेतं आणि म्युनिकच्या तंत्रविद्यापीठानंही २०२४ पासून अशी फी लावली आहे. पोरीनं आधी विषय ठरवला, मग देश. पाटीवरचं विमान बघून निघणारी मुलं नेमकी उलटी जातात.

आम्ही कागद पसरले. पहिली अडचण निघाली नावाची. आमच्याकडे गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग स्वतःचं, मग वडिलांचं नाव. शाळेच्या दाखल्यावर ‘शेख’चं इंग्रजी स्पेलिंग एक, आधार कार्डावर दुसरं. वडील एका कागदावर ‘मोहम्मद’, दुसऱ्यावर नुसते ‘मो.’ गल्लीत याचं कुणाला काही वाटत नाही. परदेशी कचेरीला मात्र ही दोन वेगळी माणसं वाटतात. प्रतिज्ञापत्र, राजपत्रात नोंद, मग पासपोर्ट, असं करता करता काही महिने गेले. नावाची दुरुस्ती महाग नाही, सावकाश होते एवढंच. म्हणून दहावी-बारावीच्या मुलांच्या पालकांना माझं सांगणं आहे की सगळे कागद आजच एका ओळीत मांडून बघा.

जर्मनीचा आणखी एक नियम आहे. नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना व्हिसाआधी ‘एपीएस’ नावाचं प्रमाणपत्र लागतं. आपली शैक्षणिक कागदपत्रं खरी आहेत, याची ती पडताळणी. तिकडचं सत्र ऑक्टोबरात सुरू होतं. अर्जाची मुदत अनेक ठिकाणी १५ जुलै, पण काही ठिकाणी मार्चमध्येच संपते. म्हणजे यंदाचा निकाल हातात घेऊन यंदाच जायचं म्हटलं, तर दार बहुधा बंद झालेलं असतं. आणि बंद दारापाशी एजंट उभा असतो.

एजंटांना मी सरसकट नावं ठेवत नाही. पण ‘मार्गदर्शन मोफत’ अशी पाटी असेल, तर त्याचं पोट कशावर चालतं हे विचारावं. अनेकदा त्याला प्रवेश देणाऱ्या संस्थेकडून कमिशन मिळतं. फी न घेणारं सरकारी विद्यापीठ त्याला सहसा काही देत नाही, मग तो त्याचं नाव कशाला काढेल? २०२३ साली कॅनडात भारतीय मुलांची खोटी प्रवेशपत्रं उघडकीला आली. शिकायला गेलेली कित्येक मुलं मायदेशी पाठवलं जाण्याच्या भीतीखाली राहिली. प्रवेशपत्र आलं की विद्यापीठाच्या अधिकृत पत्त्यावर स्वतः लिहून खात्री करावी. त्याला पैसे पडत नाहीत.

मग पैशाचा प्रश्न. फी नसली तरी पोट आहेच. एका वर्षाच्या राहण्या-जेवणाची सोय दाखवायला ११,९०४ युरो खास खात्यात आधी भरून ठेवावे लागतात. युरो शंभर रुपयांच्या आसपास धरला, तर सुमारे बारा लाख होतात. तिथं गेल्यावर त्यातून महिन्याला ९९२ युरो हातात येतात. वडिलांनी आकडा ऐकला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. सरकारी बँकेचं शैक्षणिक कर्ज साडेसात लाखांच्या वर गेलं की सहसा तारण मागतात. तारण म्हणजे राहतं घर. घर अजून वारलेल्या आजोबांच्या नावावर. वारसनोंद नाही, चुलत्यांच्या सह्या नाहीत. शिवाय व्याजाचं कर्ज काढायला त्यांचं मन घेत नव्हतं. मी त्यांच्याशी वाद घातला नाही. कर्ज काढावं की नाही हे ज्यानं त्यानं आपल्या मनाला विचारून ठरवावं. पण या संकोचामुळे त्या घरानं दमडीदमडीचा हिशेब मांडला, हे मी पाहिलं.

अल्पसंख्याक विद्यार्थ्यांच्या परदेशी शिक्षणाच्या कर्जावरचं व्याज भरणारी ‘पढो परदेश’ ही केंद्राची योजना २०२२ साली बंद झाली. ती असती तर व्याजाचं ओझं हलकं झालं असतं. राज्य सरकारनं अल्पसंख्याकांसाठी परदेशी शिष्यवृत्ती सुरू केली आहे. अनुसूचित जातींच्या मुलांसाठी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शिष्यवृत्ती पूर्वीपासून आहे. जागा थोड्या आहेत, विद्यापीठाच्या जागतिक क्रमांकाची अट आहे. तरी अर्ज करावाच. फक्त तेवढ्याच भरवशावर घर गहाण टाकू नये.

मुलीनं मग स्वतःच तोड काढली. वर्षभर गिरणीत नोकरी करायची, पगार साठवायचा, घराची वारसनोंद तोवर करून घ्यायची आणि जर्मन शिकायचं. अभ्यासक्रम इंग्रजीत असला तरी दुकान, दवाखाना, घरमालक जर्मनमध्येच बोलणार. रोज संध्याकाळी ती मोबाइलवर क्लास करते. जर्मनमध्ये मराठीसारखी तीन लिंगं आहेत. घरी आम्ही बोलतो त्या दखनीत दोनच. ती म्हणते, “शाळेत मराठी शिकले म्हणून तिसरं लिंग जड गेलं नाही.” जर्मन लोक सूर्याला ‘ती’ म्हणतात आणि मुलीला ‘ते’. हे सांगताना तिला हसू आवरत नाही. मराठी आपल्याला कुठं कुठं उपयोगी पडेल, सांगता येत नाही.

विद्यापीठाला लिहायचं उद्देशपत्रही तिनं मला दाखवलं. त्यात लहानपणापासूनचं स्वप्न होतं, उंच भरारी होती, क्षितिज होतं. मी म्हटलं, “बेटा, हे सगळं आम्हा कवींकडे राहू दे. तुझ्या अब्बांच्या मागावर धागा का तुटतो, ते लिही.” तिनं लिहिलं. दमट हवेत काय होतं, कोरड्या हवेत काय होतं, ताण कुठं येतो, हे सगळं. ते पान विद्यापीठ वाचेल तेव्हा वाचेल, पण अब्बांनी ते दोनदा वाचून घेतलं.

सगळ्यात मोलाचा प्रश्न तिच्या अम्मीनं विचारला: “तिकडं आजारी पडली तर कोण बघणार?” आपण याला बायकी काळजी म्हणून हसतो. पण आनंदीबाई १८८६ साली डॉक्टर झाल्या आणि पुढच्याच वर्षी क्षयानं गेल्या, हे आपण विसरतो. परक्या थंडीनं आणि अन्नाच्या आबाळीनं त्यांचं शरीर खचलं होतं. म्हणून आरोग्य विमा, गरम कपडे, स्वयंपाक येणं, अडचणीत फोन करावा असं एखादं माणूस, हेही यादीत हवं. जर्मनीत विद्यार्थ्याला आरोग्य विमा सक्तीचाच आहे. वर्षाला १४० पूर्ण दिवस काम करायची मुभाही आहे, पण काम मिळेलच असं धरून हिशेब करू नये.

नियमही बदलत राहतात. जानेवारी २०२४ मध्ये कॅनडानं विद्यार्थ्यांच्या परवान्यांवर मर्यादा घातली. त्याच महिन्यापासून ब्रिटननं बहुतेक विद्यार्थ्यांना कुटुंब सोबत नेणं बंद केलं. हाती वेळ असला की एक दार बंद झालं तर दुसरं शोधता येतं. घाईत निघालेल्याला एकच दार दिसतं.

आमची मुलगी अजून गेलेली नाही. जाईल की नाही, हे मी सांगू शकत नाही. प्रवेश मिळेल, व्हिसा अडेल, किंवा इथंच चांगली नोकरी लागेल. पण या काळात त्या घराचे कागद नीट झाले, चुलते एकत्र बसले, तिच्या नावावर थोडी शिल्लक पडली आणि घरात एक नवी भाषा आली. यातलं काहीच वाया जाणारं नाही. आपल्या घरातलं कुणी परदेशाचं नाव काढत असेल, तर त्याला विमानाचं भाडं विचारू नका. काय शिकायचंय ते विचारा, आणि आज संध्याकाळीच कागदांची पेटी उघडा.