दगडावरचं नाव

(एकोडी, जि. भंडारा येथील महिला मेळाव्यात केलेलं भाषण)

मैत्रिणींनो,

रोवणीचं काम आटोपून, दुखऱ्या कमरेनं तुम्ही इतक्या जणी आलात. आज मला दगडांविषयी बोलायचं आहे. देवळातल्या नव्हे, नावं कोरलेल्या.

जुन्नरजवळ नाणेघाट आहे. कोकणातून वर येणारी जुनी व्यापारी वाट. तिथल्या लेण्यात दोन हजार वर्षांपूर्वी सातवाहन राजघराण्याचे पुतळे कोरले होते. पुतळे कधीच फुटून गेले. पण त्यांच्या डोक्यावरची काही नावं आजही वाचता येतात. त्यात राणी नागनिकेचं नाव आहे. राजा सातकर्णी आणि ती एकाच ओळीत, आणि तिचं नाव आधी! बाजूच्या भिंतींवर एका राणीचा मोठा लेख आहे. किती यज्ञ केले, किती गाई, घोडे, नाणी दिली, याचा सगळा हिशोब त्यात आहे. मात्र त्या लेखात तिचं स्वतःचं नाव उरलेलं नाही. पुतळ्यावरच्या त्या ओळीमुळेच अभ्यासक तो लेख नागनिकेचा मानतात. एक ओळ नसती, तर ती आज निनावी असती.

हे आपल्याकडेच घडलं असं नाही. रोमन साम्राज्याच्या उतरत्या काळात कॉन्स्टँटिनोपल शहरात, म्हणजे आजच्या इस्तंबूलमध्ये, इ.स. ४०३ मध्ये सम्राज्ञी युडोक्सियाचा चांदीचा पुतळा उंच खांबावर बसवला होता. चांदी गेली, राहिला तो नाव कोरलेला चौथरा.

तुम्ही म्हणाल, बाई, त्या राण्या होत्या. खरं आहे. पण कान्हेरीच्या लेण्यांत भिक्षुणींची आणि साध्या गृहस्थांच्या बायकांचीही नावं आहेत. कारण त्यांनी दान दिलं. म्हणजे जिच्या हातात काही होतं, तिचं नाव उरलं. जिनं दगड वाहिला, पाणी भरलं, कारागिरांना भाकर रांधली, तिचं नाव कुठंच नाही. आपल्या जिल्ह्यातले मालगुजारी तलाव पाहा. मालगुजार कोण होता ते गावाला ठाऊक असतं. पाळीवर माती टाकणाऱ्या बाया कोण, ते कुणी लिहून ठेवलं?

आणखी एक सांगते. सातवाहन राजे आईचं नाव लावत: गौतमीपुत्र, वासिष्ठीपुत्र. म्हणून तेव्हा बायकांचं राज्य होतं असं समजू नका. गादी मुलांकडेच जात होती. आता आपल्या शासनानंही १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नाव आणलं आहे. त्याचं स्वागतच करू. पण नाव लागलं की हक्क आपोआप येत नाही, तो मागावा लागतो. महाराष्ट्रात २०११ पासून पंचायतीत निम्म्या जागा बायकांच्या आहेत. तरी किती गावांत कोनशिलेवर सरपंचबाईचं नाव असतं, आणि खुर्चीवर नवरा बसतो!

म्हणून तीन गोष्टी करू. पहिली, आपल्या घराचा नमुना आठचा उतारा काढून पाहू. घराच्या नोंदीत नवऱ्याबरोबर बायकोचं नाव लावण्याचा शासनाचा निर्णय २००३ चा आहे. नाव नसेल तर ग्रामपंचायतीत अर्ज देऊ, पोच घेऊ. एकटीनं जाऊ नका, पाचजणी जा. दुसरी, सातबारा स्वतः वाचायला शिकू. वाचता येणाऱ्या मुलीला शेजारी बसवू. तिसरी, गावात पुढचं बांधकाम होईल, तेव्हा ग्रामसभेत उठून विचारू की या फलकावर कामावरच्या मजूर बायांची नावं का नकोत?

कुणी हसेल. हसू द्या. नागनिकेचा पुतळा मोडला, नाव राहिलं. आपल्याला पुतळा नकोच आहे. घराच्या आणि शेताच्या कागदावर नाव हवं, आणि ते लावून घेतल्याशिवाय आपण गप्प बसायचं नाही.