बियांचे दूध : घरची कृती आणि तिची मर्यादा



भिजविणे, वाटणे आणि गाळणे या तीन क्रिया महाराष्ट्रातील गृहिणीला नव्याने शिकवाव्या लागत नाहीत. कुरडयांसाठी गहू तीन दिवस भिजवून त्याचा चीक काढणे, नाचणी वाटून तिचे सत्त्व फडक्यातून गाळणे, खवलेला नारळ पिळून त्याच्या दुधात कोकमाचे आगळ घालणे, ही कामे आपल्या घरांतून पिढ्यान्पिढ्या चालत आलेली आहेत. शहरातील दुकानांत आज पुठ्ठ्याच्या खोक्यांतून सोयाबीनचे किंवा बदामाचे जे पेय महागड्या किमतीला विकले जाते, त्याच्या मुळाशी हीच कृती आहे. तिचा उपयोग कोठे करावा आणि कोठे मुळीच करू नये, हे गावात सांगणारे कोणी असावे, एवढ्यासाठीच हा विषय येथे घेतला आहे.

विदर्भ व मराठवाड्यातील शेतकऱ्याच्या दृष्टीने या बाबतीत सोयाबीनला पहिले स्थान द्यावे लागेल. या दाण्यात प्रथिनांचे प्रमाण चाळीस टक्क्यांच्या आसपास असते. आपल्या नित्याच्या डाळींत ते वीस ते पंचवीस टक्के असते. तरीही पीक निघाले की पोती थेट बाजार समितीत जातात, तेथून तेलाच्या कारखान्यात जातात, आणि पिकविणाऱ्याच्या चुलीवर त्यातील मूठभर दाणेही क्वचितच चढतात. याला चवीचे कारण आहे. कच्चा दाणा थंड पाण्यात वाटला की त्यातील एका विकरामुळे उग्र, हिरवट वास सुटतो, आणि एकदा तो घोट नकोसा झाला की पुन्हा कोणी त्या वाटेला जात नाही.

हा वास घालविण्याची युक्ती सोपी आहे. एक वाटी सोयाबीन निवडून, धुऊन रात्रभर भिजत घालावे. उन्हाळ्यात सहा ते आठ तास पुरतात, थंडीत दहा-बारा लागतात. सकाळी ते पाणी टाकून द्यावे, दाणे चोळून साले काढावीत आणि चिमूटभर खाण्याचा सोडा घातलेल्या उकळत्या पाण्यात ते पाच मिनिटे ठेवावेत. नंतर हे पाणीही ओतून द्यावे आणि दाणे कढत पाणी घालीत बारीक वाटावेत. उष्णतेने ते विकर निष्क्रिय होते व वास बराच कमी होतो. एका वाटीस एकंदर सहा-सात वाट्या पाणी घालून स्वच्छ फडक्यातून गाळले की पांढरे दूध हाती येते.

पुढची पायरी मात्र अनेक ठिकाणी चुकते. हे दूध तापू लागताच उकळी येण्यापूर्वीच त्याला भरपूर फेस येतो व ते वर चढते. ते उतू आले म्हणजे शिजले असे समजून भांडे खाली उतरविले जाते. वास्तविक ते तेव्हा कच्चेच असते. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनांच्या पचनात अडथळा आणणारा एक घटक असतो व तो पुरेशा शिजविण्यानेच निष्प्रभ होतो. म्हणून फेस चमच्याने मोडून, आच मंद करून, खऱ्या उकळीनंतर हे दूध पंधरा ते वीस मिनिटे ढवळत ठेवलेच पाहिजे. चवीला किंचित मीठ, गूळ, वेलदोडा चालतो. गूळ मात्र खाली उतरविल्यावर घालावा, नाहीतर दूध फाटण्याचा संभव असतो. हे दूध साध्या दुधापेक्षा अधिक टिकते, ही समजूत खरी नाही. शीतकपाट नसेल तर ते त्याच वेळी संपवावे. फडक्यात उरलेल्या चोथ्यात प्रथिनांचा चांगला अंश राहतो. भाजणीत मिसळून त्याचे थालीपीठ करता येते, डाळीबरोबर वडेही होतात. चोथाही नीट शिजला पाहिजे, एवढेच पथ्य.

शेंगदाण्याच्या दुधाचा इतिहास मनोरंजक आहे. महात्मा गांधींनी १९१२ साली दक्षिण आफ्रिकेत दूध वर्ज्य केले. १९१८ मध्ये खेडा जिल्ह्यात फिरत असताना त्यांचा आहार मुख्यतः शेंगदाण्याचे लोणी आणि लिंबू हा होता. त्याच काळात ते आमांशाने गंभीर आजारी पडले, हवापालटासाठी माथेरानला आले आणि अखेर त्यांना शेळीच्या दुधाचा आश्रय घ्यावा लागला. दुधाची जागा घेईल असा वनस्पतिजन्य पदार्थ कोणाला ठाऊक असल्यास कळवावा, असे आवाहन त्यांनी पुढे केले होते. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेने शेंगदाण्यातील प्रथिन वेगळे काढून ते दुधात मिसळण्याची पद्धत बसविली. ‘मिल्टोन’ या नावाने ते पेय तयार झाले. त्यातही जनावराचे दूध होतेच, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

घरी शेंगदाण्याचे दूध करताना दाणे निवडणे हेच खरे काम. बुरशी आलेले, सुरकुतलेले, रंग बदललेले दाणे काढून फेकावेत. बुरशीमुळे निर्माण होणारे अफ्लाटॉक्सिन हे विष यकृताला घातक असते आणि घरच्या उकळण्याने ते नाहीसे होत नाही. स्वस्तात मिळाली म्हणून ओल लागलेली शेंग या कामी कधीही वापरू नये.

तीळ भिजवून वाटले की दाट दूध निघते. सालीसकट शंभर ग्रॅम तिळांत हजार मिलीग्रॅमच्या वर कॅल्शियम असते, हे खरे. परंतु त्यातील बराच भाग सालीत व शरीराला सहज न मिळणाऱ्या स्वरूपात असतो, शिवाय गाळताना साल चोथ्यात जाते. त्यापेक्षा तिळाची चटणी रोज ताटात पडली तर अधिक पदरात पडेल. नारळाच्या दुधात स्निग्धांश भरपूर, प्रथिने थोडी. ते आमटीला व सोलकढीला शोभते, मुलाच्या पेल्याला नव्हे.

‘दूध’ या शब्दानेच खरा घोटाळा होतो. अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने वनस्पतिजन्य पेयांच्या वेष्टनावर हा शब्द वापरण्यास हरकत घेतली, आणि २०२१ मध्ये ऑनलाइन विक्रेत्यांनाही त्याबाबत आदेश दिले. हा निव्वळ व्यापारी वाद नव्हे. शंभर मिलिलिटर गाईच्या दुधात सुमारे १२० मिलीग्रॅम कॅल्शियम असते. घरी काढलेल्या सोयाबीनच्या दुधात प्रथिने जवळपास तेवढीच असली तरी कॅल्शियम वीस मिलीग्रॅमच्या आसपासच भरते. ब-१२ जीवनसत्त्व तर वनस्पतींत मिळतच नाही. कारखान्यातील काही पेयांत हे घटक वरून घातलेले असतात. घरच्या पातेल्यात ते कोण घालणार?

म्हणून ज्या घरी तान्हे मूल आहे तेथे शिक्षिकेने व अंगणवाडी सेविकेने स्पष्ट शब्दांत सांगावे की, पहिले सहा महिने केवळ आईचे दूध, त्यानंतर वरच्या अन्नासह तेच पुढे चालू. बियांचे घरगुती दूध वर्षाच्या आतील मुलाला दुधाऐवजी कधीही देऊ नये. आईला दूध कमी येते अशी तक्रार आली, तर सोयाबीनची कृती न सांगता तिला आरोग्य केंद्रात पाठवावे. वर्षापुढील मुलालाही हे पेय जेवणाला जोड म्हणूनच द्यावे, आणि प्रथम अगदी थोडे. शेंगदाणे, तीळ किंवा सोयाबीन काही मुलांना सोसत नाहीत. अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले किंवा उलट्या झाल्या तर ते पुन्हा देऊ नये व डॉक्टरांना दाखवावे. श्वास लागला तर क्षणाचाही विलंब न लावता दवाखाना गाठावा.

मोठ्या माणसांची गोष्ट वेगळी. ज्यांना दूध पचत नाही, ते पिताच ज्यांचे पोट फुगते, त्यांना वाटीभर शिजविलेले सोयाबीनचे दूध सोयीचे पडते. महिला मंडळाने एखाद्या सकाळी शाळेच्या स्वयंपाकघरात ते करून दाखविण्याचे ठरविले, तर सोबत घड्याळ अवश्य ठेवावे. उकळीनंतरची वीस मिनिटे अंदाजाने मोजली की ती बहुधा दहाच भरतात.